१९९५ : सत्तांतर, गणपतीचे दूध आणि सूर्यग्रहण

१९९५ सालाचा विषय निघाला की महाराष्ट्रात बोलणे बहुधा सत्तांतरापाशीच थांबते. शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार निवडून आले, काँग्रेस ८० वर अडकली आणि मार्चमध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. मला मात्र त्या वर्षातील सर्वांत मोलाची घटना वाटते ती २४ ऑक्टोबरच्या सकाळी दूरदर्शनने थेट दाखवलेले खग्रास सूर्यग्रहण.

त्याआधी जेमतेम महिनाभर, २१ सप्टेंबरला, गणपती दूध पितो अशी वार्ता देशभर पसरली होती आणि देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. चमचा मूर्तीला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढले जाते आणि दगडावरून पातळ ओघळाने खाली उतरते, हे वैज्ञानिकांनी रंगीत दूध वापरून त्याच दिवशी दाखवले. पण तोवर बातमी फार पुढे गेली होती.

ग्रहणाच्या वेळी मात्र आधी ज्ञान पोहोचले. लक्ष्मीपूजनाची रात्र नुकतीच सरली होती. आमच्या घरी पाण्यात तुळशीपत्र पडले होते, आणि काकूला दिवस गेलेले असल्याने तिने विळीला हात लावायचा नाही, अशी आजीची ताकीद होती. राजस्थानातील नीम का थाना ते बंगालमधील डायमंड हार्बर असा खग्रास पट्टा होता. साडेआठच्या सुमारास टीव्हीच्या पडद्यावर सूर्याची कोर बारीक होत गेली, कडेला एकच तेजस्वी ठिपका उरला आणि हिऱ्याची अंगठी दिसली. वैज्ञानिक प्रा. यशपाल सोप्या भाषेत समजावून सांगत होते, आणि आतापर्यंत पाठ फिरवून बसलेली आजी काकूशेजारी येऊन ते पाहत होती.

१९८० च्या १६ फेब्रुवारीला गोव्याच्या अगदी खाली, कारवार-अंकोल्यावरून खग्रास ग्रहण गेले, तेव्हा कितीतरी गावांत दारे-खिडक्या लावून लोक आत बसले होते. पंधरा वर्षांत झालेल्या या बदलामागे शाळाशिक्षक आणि विज्ञान कार्यकर्ते यांचे कष्ट आहेतच, पण तो घरोघर पोहोचवला तो टीव्हीने.

१९९५ च्याच फेब्रुवारीत, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला होता. त्या निकालानंतर वाहिन्यांची संख्या वाढत गेली, आणि २००९ च्या ग्रहणात त्यांतल्या अनेकींवर राशिफल सांगणारे ज्योतिषी बसलेले दिसले. मला याचा मनापासून राग येतो, कारण ती मालमत्ता माझीही आहे आणि माझ्या घरातील मुलांचीही.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल. मराठी वाहिन्यांनी त्या दिवशी स्टुडिओत खगोल अभ्यासकांना बसवावे, सुरक्षित चष्मे कुठे मिळतील ते आधी आठवडाभर सांगावे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची मैदाने थेट दाखवावीत, एवढी मागणी आपण आतापासून लेखी करायला हवी.