अंजनेरी उजाड नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अंजनेरीवरच्या आमच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं असं : मे महिन्यात नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावर गेलात, तिथे करपलेलं गवत, काटेरी झुडपं आणि माकडं सोडून काही नव्हतं. याला रान कसं म्हणायचं? अशा उजाड डोंगरावर झाडं लावायला हवीत. आणि कंदीलपुष्प या रानफुलाचं एवढं कौतुक करून त्याची जागा मात्र आम्ही दडवली.

लेखात महिना ठळकपणे द्यायला हवा होता, ही चूक मान्य. पण मेमध्येही तो डोंगर मेलेला नसतो. ज्या काट्यांचा तुम्हाला त्रास झाला, त्या करवंदाच्या जाळ्यांमध्ये तेव्हाच फळं पिकलेली असतात. जाळीच्या पोटात वाकून बघा, एखादं कोवळं रोप हमखास सापडेल. बाहेर उगवलेलं रोप शेळ्या खातात, आत त्यांचं तोंड पोचत नाही. डोंगरावरची कितीतरी मोठी झाडं अशा एखाद्या जाळीनेच वाढवलेली असतात. म्हणून वाट रुंद करायला जाळ्या तोडू नयेत.

झाडं लावण्याबद्दल मात्र कळकळीने विनंती : पठारावर नकोत. तिथे बेसाल्टच्या कातळावर कुठे चार बोटं, कुठे वीतभर माती असते. रोपासाठी दीड फुटाचा खड्डा घ्यायचा म्हणजे कातळ फोडायचा आणि त्या मातीत झोपलेले कंद उपटून फेकायचे. रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळतं आणि कंदही हातचे जातात. गिरिपुष्पासारखं चिवट झाड जगलंच, तर त्याच्या सावलीत उन्हावर वाढणारी गवतं आणि फुलं टिकत नाहीत. पायथ्याला, खोल मातीत, स्थानिक झाडं जरूर लावा. पठाराला हवंय ते एवढंच की हिवाळा सरल्यावर कुणी वणवा लावू नये.

आता कंदीलपुष्प. सेरोपेजिया अंजनेरिका ही त्याची जात 2006 साली नवी म्हणून नोंदली गेली आणि तिला याच डोंगराचं नाव मिळालं. कंदीलपुष्पाच्या नळीत आतून खाली वळलेले केस असतात. वासाने आलेली बारीक माशी आत घसरते आणि त्या केसांमुळे तिला वर येता येत नाही. पुढे केस मलूल पडले की ती परागांची पुडी घेऊन सुटते. एवढी नाजूक व्यवस्था असलेलं हे झाड गवतातून जेमतेम डोकं वर काढतं. कंदीलपुष्पांचे कंद खाण्यासाठी उकरले जातात, आणि फोटोसाठी गवतात लोळणाऱ्यांच्या अंगाखाली न उमललेली शेजारची रोपं चिरडली जातात. जागा दिली नाही ती यासाठी, आणि पुढेही देणार नाही. 2017 मध्ये इथे संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, ते अशा वनस्पतींसाठी आणि कड्यांवरच्या लांब चोचीच्या गिधाडांसाठीच.

पुन्हा जाणार असाल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर जा. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी फाट्याला वळून गावातून सकाळी साडेसहालाच चालायला लागा. घळीतल्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा कोरड्या कडेने चढा. उतरताना पाऊल आडवं टाका, बहुतेक जण उतरतानाच घसरतात. अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत दीड-दोन तास धरा. पठारावर वाट सोडू नका. उघड्या कातळावर जिथे पाणी झिरपतं तिथे उकिडवं बसा आणि दहा मिनिटं हलू नका. सीतेची आसवं ही इवलीशी जांभळी फुलं उभ्याने दिसतच नाहीत.

वाट चुकते ती ढोरवाटांमुळे. पायाखाली मोकळं पण कमरेच्या वर फांद्या भिडलेल्या, असं दिसलं की ती गुरांची वाट समजा आणि लगेच मागे फिरा. माणसांच्या वाटेवर दगड घासून गुळगुळीत झालेले असतात. धुकं उतरलं तर आहात तिथेच थांबा, कारण कड्याच्या काठापर्यंत गवत सारखंच असतं आणि काठ कळत नाही. दगड उलटू नका, खाली फुरसं हा विषारी साप असतो. ऑक्टोबरनंतर गेलात तर सुती मोजे टाळा. गवताचं कुसळ दमट झालं की पीळ उलगडत गिरमिटासारखं कापडात शिरतं. ते मागे ओढलं तर तुटतं, टोक आतून पुढे काढायचं.

माणशी दोन लिटर पाणी घ्या, आणि खाऊ पिशवीत नको, पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. माकडं पिशवी ओळखतात.