ऑफिसात शांतता नांदावी म्हणून

तुमच्या ऑफिसात माणसं चिडचिडी झाली आहेत, दोघंतिघं राजीनाम्याची भाषा करताहेत आणि एचआरने ‘वातावरण प्रसन्न करण्यासाठी’ समिती नेमली आहे? अभिनंदन. समितीत तुमचं नाव असणारच, कारण त्या मीटिंगला तुम्ही उशिरा पोचलात. मीही अशीच पोचले होते. तेव्हा अनुभवाचे चार बोल ऐका.

सगळ्यात आधी, लोकांना काय हवंय ते विचारू नका. आम्ही ती चूक केली, रीतसर फॉर्म भरून घेतले. उत्तरं आली: रात्री साडेनऊला फोन करू नका, खुर्चीची मोडलेली पाठ दुरुस्त करा आणि एका वेळी एकाच साहेबाने काम सांगा. आता याला समिती काय करणार? समितीच्या बजेटात बसेल असं काही माणसं मागतच नाहीत. फॉर्म फाइलला लावले आणि कारंजं घेतलं.

कारंजं घ्याच. फायबरचं, वर ध्यानस्थ बुद्ध, खाली उतरत्या तीन वाट्या, मागे रंग बदलणारा दिवा. आवाज झुळझुळ येतो असं दुकानदार सांगतो. प्रत्यक्षात मोटार घरघरते आणि पाणी वायसर गेलेल्या नळासारखं ठिबकतं. पहिल्याच आठवड्यात मजल्यावरच्या लोकांच्या बाथरूमकडच्या फेऱ्या वाढल्या. अहवालात आम्ही ‘कर्मचाऱ्यांची शारीरिक हालचाल वाढली’ असं लिहिलं.

भिंती आणि पार्टिशनं शिल्लक असतील तर पाडून टाका. मोकळ्या मजल्यावर माणसं एकमेकांशी बोलतात, कल्पना उसळतात, असं सल्लागार सांगतात. त्यांना हसू नका, फक्त पुढचं त्यांना सांगू नका. हार्वर्डच्या दोन संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांत मोजमाप केलं आणि २०१८ साली ते छापून आलं. भिंती गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. म्हणजे शांतता हवी असेल तर याहून खात्रीचा उपाय नाही. माणसं कानात हेडफोन घालून गप्प बसतात आणि हातभर अंतरावरच्या शेजाऱ्याला ‘मोकळा आहेस का?’ असा मेसेज टाकतात. बोलतो फक्त सेल्सवाला. तो उभा राहून, येरझारा घालत, स्पीकरवर बोलतो, पण त्याचं टार्गेट असतं, त्याला काही म्हणायचं नाही.

मग झाडं. ‘नासाने सिद्ध केलंय’ हे वाक्य तुमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकेलच. नासाचा तो अभ्यास १९८९ सालचा, आणि त्यातली झाडं छोट्या बंद पेट्यांत ठेवलेली होती. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी हिशेब मांडला, की इमारतीत एरवी हवा येते-जाते त्याने होणारी सफाई झाडांकडून करून घ्यायची, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. आम्ही साठ माणसांत सात मनी प्लँट आणले. उरलेलं आंबोलीचं जंगल पुढच्या आर्थिक वर्षात आणू. (झाडांना पाणी कोण घालणार हे ठरवायला तीन मीटिंगा लागल्या. तोवर दोन झाडं आपसूक निवृत्त झाली.) खिडकी उघडण्याची सूचना एका नव्या मुलाने केली होती. खिडकी सील आहे, एसी आहे ना!

आता एसीकडे वळू, कारण ऑफिसातली खरी अशांतता छतातून येते. ऑफिसातलं ‘सुखद तापमान’ ठरवण्याचं गणित १९६० च्या दशकातलं, आणि त्यात धरलेला माणूस चाळिशीतला, सत्तरेक किलोचा पुरुष. २०१५ साली नेदरलँड्सच्या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या गणितात बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता ३५ टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाते. आमच्याकडे तो मूळचा माणूस अजून नोकरीत आहे. वजन वाढलंय, पण रिमोट त्याच्याच ड्रॉवरमध्ये असतो. सरकारी नियमानुसार हल्ली नवा घरगुती एसी चालू केला की २४ वर सुरू होतो. आमच्या रिमोटवरचं खाली जाण्याचं बटण त्यामुळे घासून गुळगुळीत झालंय.

माझ्या शेजारची मुलगी मे महिन्यात, बाहेर चाळीस अंश असताना, स्वेटर घालून आणि कानाला स्कार्फ बांधून बसते. तिने एके दिवशी कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून ब्राउन टेपने एसीच्या झडपेला लावला. वारा अकाउंट्सकडे वळला. अकाउंट्सने आपला पुठ्ठा लावला, वारा परचेसकडे गेला. परचेसने तर कोटेशन न मागवता थर्माकोल लावला, यावरून त्यांची निकड समजा. असं करत करत सगळा वारा शेवटी एका इंटर्नच्या मानेवर येऊन स्थिरावला. इंटर्न सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून ही व्यवस्था टिकाऊ आहे. तुमच्याकडे इंटर्न नसेल तर आधी तो भरती करून घ्या.

शांतिकक्षही हवा. बीनबॅग, लव्हेंडरचा वास आणि भिंतीवर धबधब्याचं पोस्टर. आमचा कक्ष पॅन्ट्रीला लागून आहे, त्यामुळे लव्हेंडरमध्ये बुधवारी कुणाच्या तरी डब्यातला सुका जवळा मिसळतो. पंधरा मिनिटांसाठी बुकिंग करावं लागतं आणि त्याला मॅनेजरची मंजुरी लागते. फॉर्ममध्ये ‘शांततेचं कारण’ असा रकाना आहे. मी एकदा ‘मॅनेजर’ असं लिहिलं, मंजुरी आली नाही. कक्ष रिकामा राहतो असं मात्र समजू नका. तिथे आवाज घुमत नाही हे कळल्यापासून सेल्सवाला कठीण ग्राहकांचे फोन तिथूनच करतो. बीनबॅगवर गेल्या दिवाळीचे आकाशकंदील आहेत.

हे सगळं करूनही रात्री साडेनऊचा फोन येईल. तो घ्या. बहुतेक दुसऱ्या दिवशीच्या ‘तणावमुक्त कार्यसंस्कृती’ या सत्राला सगळ्यांनी सकाळी आठला यावं, हे सांगायलाच असेल.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. कारंज्याचा प्लग हाताला लागेल असा ठेवू नका. गेल्या महिन्यात पॅन्ट्रीतल्या मामांनी मोबाइल चार्जिंगला लावायला तो काढला आणि परत लावायचा राहिला. दोन दिवस मजल्यावर घरघर नव्हती. अकाउंट्समधल्या बाईंनी कितीतरी दिवसांनी हेडफोन काढून ठेवले होते आणि लेजर जुळवता जुळवता त्या काहीतरी गुणगुणत होत्या. तिसऱ्या दिवशी वरून ईमेल आला: शांततेसाठी बसवलेली यंत्रणा बंद का? मामांना बोलणी बसली. प्लग मी स्वतः लावला आणि वरून ब्राउन टेप मारली, परचेसकडे थोडी उरली होती.