वाक्यात उपयोग करा

सगळं सुरू झालं ते एका 'इंटिमेट'मुळे.

रबाळ्याच्या एमआयडीसीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीचे हिशेब मी सव्वीस वर्षं सांभाळतोय. आमच्या धंद्यातलं इंग्रजी म्हणजे बिल्टीवरचं 'फ्रेट पेड', 'टू पे' आणि 'ओनर्स रिस्क'. बाकीचा व्यवहार शिव्यांसकट मराठी-हिंदीत सुखाने चालायचा. मग कंपनीला परदेशी गिऱ्हाइकं लागली आणि त्यांच्या मेलना उत्तरं द्यायचं काम फिरत फिरत माझ्या टेबलावर आलं. एका बाईंनी पेमेंटचं विचारलं होतं. मला लिहायचं होतं, 'शुक्रवारपर्यंत कळवतो.' कळवणे म्हणजे इंटिमेट, हे सरकारी पत्रं वाचून वाचून अंगात भिनलेलं. मी लिहिलं, 'वुई विल बी इंटिमेट विथ यू बाय फ्रायडे.' खाली 'युअर्स फेथफुली'. सीसीत साहेब.

बाई समजूतदार निघाल्या. 'नुसती पावती पाठवलीत तरी पुरे,' असं उत्तर आलं.

साहेब माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगितला. हा विषय वडिलांनीसुद्धा मला इतका सविस्तर समजावला नव्हता.

घरी हिने आधी पोटभर हसून घेतलं आणि मग विचारलं, "बाई कोण?" आमची सई कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने डोळे पुसले आणि माझा ताबा घेतला. दोनशे पानी वही आली. रोज पाच शब्द. डावीकडे शब्द, मध्ये वाक्य, उजवीकडे मराठी अर्थ. पान उभं दुमडलं की अर्थ झाकला जातो, मग आपलं आपल्याला विचारायचं. वही फ्रिजवर, तपासणी रात्री जेवणानंतर, पेन लाल. खाडाखोड अजिबात चालायची नाही.

"आणि बाबा, डिक्शनरीतलं वाक्य उतरवायचं नाही. स्वतःच्या आयुष्यातलं हवं. तरच लक्षात राहतं."

हे 'स्वतःच्या आयुष्यातलं' किती महागात पडणार आहे, हे त्या वेळी तिलाही कळलं नसावं.

शब्द पाठ करायची जागा म्हणजे ट्रान्स-हार्बर, ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल. नौपाड्यातून चालत स्टेशन, दहा नंबर, आणि गाडी इथूनच सुटत असल्यामुळे नशिबात असेल तर बसायला जागा. रबाळ्याच्या आधी दिघा गाव आणि ऐरोली. २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन झालं म्हणून एक थांबा तरी वाढलाय, नाहीतर पाच शब्द दोन स्टेशनांत कोंबावे लागले असते. तरी व्हायचं काय, ठाण्याला पाठ झालेला शब्द ऐरोलीला उतरून जायचा आणि मी एकटाच रबाळ्याला पोचायचो.

सईने धीर दिला. एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन गृहस्थाने म्हणे स्वतःवरच प्रयोग केले. हजारो निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ते किती वेळात विसरतात हे मोजत बसायचं. १८८५ मध्ये त्याने ते छापलं. तासाभरात निम्म्याहून जास्त माल गायब. त्याच्या अक्षरांना मुळात अर्थच नव्हता, मी अर्थासकट विसरत होतो. पण उपायही त्यातूनच निघाला. एका बैठकीत रट्टा मारायचा नाही, अंतर ठेवून उजळणी करायची. आज, परवा, आठवड्याने, महिन्याने. घरात वाजलेल्या प्रत्येक भांडणाची उजळणीही पुढे याच वेळापत्रकाने झाली.

पहिला शब्द 'रिलक्टंट'. अर्थ, नाखूश. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'माय वाइफ इज रिलक्टंट टू गो टू माय सिस्टर्स हाऊस.'

व्याकरण चोख होतं. सईने बरोबरची खूण केली. वही फ्रिजवर ठेवायच्या आत हिच्या हातात होती.

"मी कधी नाही म्हटलंय हो ताईंकडे जायला?"

"म्हटलं नाहीस गं, पण..."

"गेल्या वेळी माझं डोकं दुखत होतं."

"त्याच्या आधीच्या वेळीही दुखत होतं."

मी खोडायला गेलो तर सईने वही काढून घेतली. नियम म्हणजे नियम.

शब्दकोशातल्या वाक्यांचं मोठेपण मला त्या रात्री कळलं. तिथली माणसं कुणाचीच कुणी नसतात. माळी गुलाब छाटतो, जॉन उशिरा येतो, ती पार्टीला जायला नाखूश असते. त्यांना आडनाव नाही, सासर नाही, आणि ते वाक्य वाचायला त्यांच्या घरात कुणी फ्रिजपाशी उभं नाही. शाळेतही आम्हाला 'वाक्यात उपयोग करा' असायचं. पण तेव्हा हुकमी युक्ती होती. 'गुरुजींनी मला कानउघाडणी या शब्दाचा अर्थ विचारला.' संपलं. तीच युक्ती मी 'ऑब्स्टिनेट'वर, म्हणजे हट्टीवर, चालवून पाहिली. 'टुडे आय लर्न्ड द वर्ड ऑब्स्टिनेट.' सईने त्यावर लाल फुली मारली आणि बाजूला लिहिलं, 'यू आर.'

मग आले जुळे. फ्रुगल आणि स्टिंजी. डोंबिवलीचे माझे काका आणि हिचा भाऊ, दोघेही दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. मी लिहिलं, 'माय अंकल इज फ्रुगल. माय ब्रदर-इन-लॉ इज स्टिंजी.' सई खूश झाली. म्हणाली, "बाबा, परफेक्ट! हाच तर फरक. माणूस तोच, सवय तीच. आवडतो तो फ्रुगल, आवडत नाही तो स्टिंजी. शब्दांना अर्थाशिवाय वासही असतो." म्हणजे एक काटकसरी, दुसरा चिक्कू. इतक्या वर्षांत इंग्रजीने मला दिलेली ही पहिली शाबासकी. त्या रात्री आमटीत मीठ फ्रुगल होतं.

तिसऱ्या आठवड्यात वहीत दुसरं अक्षर दिसू लागलं. 'प्रोक्रॅस्टिनेट'च्या पुढे अर्थ माझा, चालढकल करणे. वाक्य मात्र हिच्या वळणदार अक्षरात. 'ही इज प्रोक्रॅस्टिनेटिंग अबाउट द बाथरूम टॅप सिन्स गणपती.' सईने फक्त 'इज'च्या जागी 'हॅज बीन' केलं आणि हिला दहापैकी नऊ दिले. मला आजवर सातच्या वर मिळाले नव्हते.

आई अठ्ठ्याहत्तरची. ती सोफ्यावरून म्हणाली, "चालढकल कशाला लिहिलंस? नुसतं 'बघू' लिही. तुझे बाबा तेच म्हणायचे."

यावर मार्ग म्हणून मी ठरवलं, आता वाक्यात घरातलं कुणी नको. आणि ठाणेकराला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. १६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, देशातली पहिली प्रवासी गाडी. ठाणेकर कुठल्याही वाक्यात १८५३ घालू शकतो. लग्नाच्या बैठकीतही घातलेलं मी ऐकलंय. 'पंक्च्युअल: द ट्रेन लेफ्ट ॲट ३.३५ इन द आफ्टरनून.' 'ओव्हरव्हेल्म्ड: पीपल ऑफ ठाणे वेअर ओव्हरव्हेल्म्ड इन १८५३.' 'ॲकोमोडेट: फोर्टीन कोचेस ॲकोमोडेटेड फोर हंड्रेड गेस्ट्स.' चौतीस किलोमीटरच्या त्या प्रवासावर मी दोन आठवडे काढले. पंचावन्नएक शब्द सहज बसले. आजच्या लोकलमध्येही इतकी दाटी नसेल.

"बाबा, रोज तीच गाडी?" सई कंटाळली. "आणि 'जेलस'मध्ये कुठली ट्रेन?"

"कल्याणच्या लोकांना वाटलंच असेल ना गं. त्यांच्याकडे गाडी पोचली ती १८५४ मध्ये."

एके दिवशी मी लिहिलं, की त्या गाडीला तीन इंजिनं होती, साहिब, सिंध आणि सुलतान. संध्याकाळी घरी आलो तर खाली वळणदार अक्षरात जोड होती, 'इन अवर हाऊस, ओन्ली वन सुलतान. नो स्टीम.' या वाक्याला दहापैकी दहा. तपासनीस फितूर झाला होता.

त्यातल्या त्यात सुखाचे दिवस आले ते आईमुळे. 'रन'चे अर्थ सहाशेच्या वर आहेत असं सईने सांगितलं, तेव्हा मी वही मिटायच्या बेतात होतो. आईने जागेवरूनच सुरुवात केली. "त्यात काय? आपलं 'लागणं' घे. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, दिवा लागतो, मुलगा नोकरीला लागतो, नाद लागतो, दार नीट लागत नाही, आणि काही बोललं की सुनेला लागतं." शेवटचं उदाहरण देताना तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं नाही. तिकडून मिक्सर लागला.

मग सईने खास आजीसाठी शब्द आणले. 'मंगूस' म्हणजे आपलं मुंगूस, मराठीतूनच गेलेलं. आई खुलली. लहानपणी ती मुंगसाला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला लावायची. 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून मी मुंगसांचं 'मंगीस' केलं, तर ते चूक. मंगूसेस. म्हणजे प्राणी आपला, शब्द आपला आणि अनेकवचनाला परवानगी त्यांची. सईच्या अंगातली 'डंगरी' ही मुळात आपल्या डोंगरीचं जाडंभरडं कापड. आईने ते चिमटीत धरून पाहिलं, किंमत विचारली आणि पुढचा अर्धा तास ती फक्त किमतीवर बोलली.

तिसरा शब्द 'डूलॅली', म्हणजे वेडा, भ्रमिष्ट. आला आपल्या देवळालीवरून. मुदत संपलेले गोरे सोल्जर तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने बसायचे. काम नाही, ऊन भरपूर, काहींची डोकी फिरायची. आईचं माहेर नाशिकरोडचं. ती फणकारली, "आमच्या देवळालीला लोक हवा खायला जायचे! यांनाच ती सोसली नाही, त्याला आम्ही काय करणार?" सईने पुढे सांगितलं, की मूळ शब्दप्रयोग 'डूलॅली टॅप' असा होता. त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

"टॅप म्हणजे आपला बाथरूमचा नळ," आतून आवाज आला. "वेड मलाच लागायचं बाकी आहे."

प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. चारशे रुपये घेऊन गेला. शब्दसंग्रहाचा एवढा ठोस उपयोग मला ऑफिसात अजून झालेला नाही. तिथे मी परवाच 'वुई सिन्सिअरली रिग्रेट द इनॉर्डिनेट डिले' असं लिहून पाठवलं. इनॉर्डिनेट मी ऐरोलीच्या पुढे जपून नेला होता. साहेबांचं उत्तर आलं, 'के'. नुसता के. ओसुद्धा नाही.

भाऊबीजेला ताई आली, कळव्याहून. ओवाळणं झालं, जेवणं झाली. बडीशेप घ्यायला म्हणून ती फ्रिजपाशी गेली आणि चष्मा सारखा करत वही घेऊनच बाहेर आली. रिलक्टंटची त्या दिवशी उजळणी होती. पान नियमाप्रमाणे दुमडलेलं, अर्थ आत. मी हात पुढे केला, पण ताई वाचायला लागली होती. ती एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचते.

"माय वाइफ इज... रि-लक्-टंट... टू गो टू माय सिस्टर्स हाऊस." ती थांबली. "सिस्टर म्हणजे मीच ना रे? आणि हे मधलं काय, रिलक्टंट?"

आईने जपमाळ घेतली. हिने बडीशेपेची वाटी खाली ठेवली आणि गेल्या वीस वर्षांत पाहिलं नव्हतं तसं माझ्याकडे पाहिलं.

"आतुर," मी म्हणालो.

ताईचा चेहरा उजळला. "अगं, मग बोलायचं नाही का! मला वाटायचं तुला आवडत नाही आमच्याकडे." तिने हिचा हात हातात घेतला. "येत्या शनिवारीच या. राहायलाच या. दोन दिवस मुळीच सोडणार नाही."

"बाबा," आतल्या खोलीतून सई ओरडली, "अर्थ चुकला!"