फिटच्या गोळ्या मेंदूच्या पेशी मारत नाहीत

परवा आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज आला: ‘फिटच्या गोळ्या मेंदूच्या पेशी मारतात, माणूस बधिर होतो. सहा महिने फिट आली नाही की गोळ्या बंद करा. आलीच तर चप्पल हुंगवा.’ माझा धाकटा भाऊ अकरा वर्षं या गोळ्या घेतोय. मला गप्प बसवेना.

आधी पेशींचं. मेंदूतल्या पेशी विजेच्या बारीक लहरींनी एकमेकींना निरोप देतात. पेशीच्या दारातून सोडियम आत शिरला की लहर उठते. मग दार मिटतं आणि क्षणभराने पुन्हा उघडायला तयार होतं. फिट येते तेव्हा असंख्य पेशी एकदम, न थांबता लहरी सोडत सुटतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं त्या मिटलेल्या दाराला चिकटतात आणि ते लगेच उघडू देत नाहीत. त्यामुळे संथ चाललेल्या पेशीला फारसा अडथळा होत नाही, सुसाट सुटलेलीला लगाम बसतो. भाऊ रोज ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला जाऊन दिवसभर हिशेब तपासतो, तो या गोळ्या घेऊनच.

बधिरपणाच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. फेनोबार्बिटल, क्लोबाझाम ही औषधं मेंदूचा स्वतःचा ‘गाबा’ नावाचा ब्रेक जोरात लावतात, म्हणून गुंगी येते. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम या अमेरिकी डॉक्टरांनी फेनिटॉइन पुढे आणलं ते झोप न आणता फिट आवरते म्हणूनच. लेवेटिरासेटामने भावाची भयंकर चिडचिड व्हायची, आईशी धड बोलेना. डॉक्टरांनी औषध बदललं, महिन्याभरात निवळला. मेलेल्या पेशी अशा परत येत नाहीत.

खरा राग येतो तो ‘बंद करा’चा. असंच कुणाचं तरी ऐकून भावाने एकदा परस्पर गोळ्या सोडल्या. तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये बादली पडल्याचा आवाज झाला. आतून कडी. दार फोडेपर्यंत जीभ चावली गेली होती, ओठावर रक्त होतं. अचानक औषध तोडलं की एकामागून एक फिट येऊ शकतात, आणि लांबलेल्या फिटनेच पेशी मरतात. साधारण दोन वर्षं फिट आली नाही तर डॉक्टर गोळ्या थांबवायचा विचार करतात, तेही डोस हळूहळू उतरवत.

चप्पल, कांदा काही नको. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन लावा.

आमच्या बाथरूमला आता आतून कडी नाही.