पुस्तकातला आकडा वकिलांनी लिहिलेला नाही

तुमची तक्रार थोडक्यात अशी: .३०८ रायफलची काडतुसं घरी भरण्यावरच्या (हँडलोडिंगच्या) लेखात मी ‘कमाल चार्जच्या, म्हणजे पावडरच्या कमाल वजनाच्या, दहा टक्के खालून सुरुवात करा’ म्हटलं, ते भित्र्यांसाठी आहे. काडतुसं भरण्याच्या दोन पुस्तकांत कमाल आकडे वेगळे निघतात, म्हणजे ते कंपनीच्या वकिलांनी कापलेले. त्यापेक्षा प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) सपाट होईपर्यंत चढत जावं आणि बोल्ट (रायफलचा मागचा खटका) उघडताना जड लागला की अर्धा ग्रेन (पावडर मोजायचं बारीक वजन) उतरावं. शिवाय, ‘नेमबाज स्वप्नील कुसाळे कुठे हँडलोडिंग करतो?’

आकडे वेगळे असतात हे खरंच. पण प्रत्येकाची चाचणीची बॅरल वेगळी, ब्रास (काडतुसाचं पितळी कवच) वेगळं, पावडरचा लॉट (कारखान्यातली खेप) वेगळा. लष्करी ब्रास बहुधा जाड असतं, आत जागा कमी, म्हणून त्याच चार्जला दाब जास्त. बुलेट रायफलिंगला (बॅरलमधल्या पिळदार खाचांना) टेकवून बसवली तरी दाब चढतो. तुमची रायफल यातल्या कुठल्या टोकाला आहे हे पुस्तकाला माहीत नसतं. ते दहा टक्के त्यासाठी. (आणि आयएमआर ४८९५ व एच ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत. तुम्ही नुसतं ‘४८९५’ लिहिलंय, ते वाचून मला घाम फुटला.)

आता प्रायमर. मऊ कपाचा प्रायमर साध्या चार्जलाही सपाट होतो, हेडस्पेस (काडतूस आणि बोल्ट यांमधली मोकळी जागा) जास्त असली तरी होतो. कडक कपाचा हद्द ओलांडूनही गोल कडा मिरवतो. असला साक्षीदार काय कामाचा? बोल्ट जड लागतो तोवर ब्रास कायमचं फुगलेलं असतं. .३०८ विंचेस्टरला सामीची (अमेरिकेतली काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) दाबाची मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पाउंड आहे, आणि तुमच्या या खुणा बहुतेक वेळा ती मागे टाकल्यावरच दिसतात. अर्धा ग्रेन उतरून तुम्ही मर्यादेच्या आत आलात, हे कशावरून?

मी क्रोनोग्राफचं (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राचं) ऐकतो. तितक्याच लांबीच्या बॅरलमधून पुस्तकातला कमाल वेग माझ्याकडे एक ग्रेन आधीच मिळाला, तर माझी कमाल तिथेच संपली, मग ब्रास कितीही सुंदर दिसो. वेग फुकट येत नाही, दाबातूनच येतो. उन्हात तापलेल्या राउंडचा वेग सकाळपेक्षा वाढलेला दिसला, की कमालीपर्यंत जायची सवलतही सोडून द्यायची.

कुसाळेंनी पॅरिसमध्ये २०२४ साली कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये, .२२ रिमफायरवर. त्यात प्रायमरचं मिश्रण ब्रासच्या कडेतच भरलेलं असतं, बदलता येत नाही, म्हणजे हँडलोडिंगचा प्रश्नच येत नाही. म्हणून ते नेमबाज वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून तपासतात आणि जमेल तो लॉट घेऊन ठेवतात.