‘खुदा के लिए’ने काय कबूल केले आणि काय नाही

सोलापुरातल्या कंबर तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या आम्हा मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर एकच मजकूर नुकताच चौथ्यांदा येऊन पडला. शोएब मन्सूर यांच्या ‘खुदा के लिए’ या २००७ मधील पाकिस्तानी चित्रपटाविषयी तो आहे. त्याचा सारांश असा : मवाळ मुसलमान अस्तित्वातच नाही, हे एका पाकिस्तानी दिग्दर्शकानेच कबूल केले आहे; कट्टरता मदरशातूनच येते, हे या चित्रपटातून सिद्ध होते; शेवटचे शहाणपणाचे भाषण करायलाही भारतातून नसीरुद्दीन शाह यांना न्यावे लागले; एवढे करूनही दोष अमेरिकेच्या माथी मारलेला आहे; आणि आपल्याकडच्या मुसलमानांनी तर एवढेही कधी केले नाही. तीन वेळा मी गप्प राहिलो. चौथ्या वेळी चित्रपट पुन्हा पाहिला, तोही शेजारच्या चाचींच्या घरी बसून. चाची उर्दू शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत.

पहिला दावा कथेनेच निकालात निघतो. मन्सूर आणि सरमद हे लाहोरमधील खात्यापित्या घरातले दोन गायक भाऊ. धाकटा सरमद मौलाना ताहिरी यांच्या प्रभावाखाली येतो, दाढी राखतो, गाणे सोडतो आणि पुढे आईनेही डोके झाकावे म्हणून हट्ट धरतो. ही आई, वडील, थोरला भाऊ आणि लंडनमध्ये वाढलेली चुलत बहीण मेरी यांपैकी कट्टर कोणीही नाही. घरातल्या एकाच मुलाचे पाऊल घसरते आणि बाकीचे हतबुद्ध होऊन पाहत राहतात, अशी ही गोष्ट आहे. मवाळ माणसे नाहीत असे चित्रपट म्हणत नाही. ती आहेत, परंतु घरातल्या मुलाला उत्तर देण्याची त्यांची तयारी नाही, असे तो म्हणतो. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

मदरशाचा दावा तर चित्रपटाच्या सर्वांत बळकट भागावरच आदळतो. सरमद हा गिटार वाजवणारा शहरी तरुण आहे. ताहिरी त्याच्यावर ओरडत नाही, धाक घालत नाही. वडीलकीच्या मायेने समजावत राहतो. म्हणूनच सरमदचा प्रवास पायरीपायरीने पटत जातो. हा प्रवास दिग्दर्शकाने दुरून कल्पिलेला नसावा, असे मला वाटते; कारण १९८७ मधील ‘दिल दिल पाकिस्तान’ या गाण्यामागे जे शोएब मन्सूर होते, त्यांच्याच डोळ्यांदेखत त्या गाण्याचा गायक जुनैद जमशेद पुढे संगीत सोडून धर्मप्रचाराकडे वळला होता. मेरीच्या वडिलांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. हे गृहस्थ लंडनमध्ये एका गोऱ्या बाईबरोबर लग्नावाचून राहतात. मुलीने मात्र ब्रिटिश मित्राशी लग्न करायचे म्हणताच ते तिला फसवून पाकिस्तानात नेतात आणि कबायली (टोळ्यांच्या) भागात सरमदशी तिचा निकाह लावून टाकतात. यात मदरसा कुठे आला? लोक काय म्हणतील या भीतीला धर्माचा मुलामा दिलेला आहे, आणि ही रीत कोणा एका धर्माची मिरासदारी नाही, हे पंचक्रोशीतल्या लग्नांच्या बैठकींना बसलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

अमेरिकेविषयीचा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. संगीत शिकायला शिकागोला गेलेल्या मन्सूरला ११ सप्टेंबर २००१ नंतर पकडले जाते आणि कोठडीतल्या छळाने त्याचा मेंदू कायमचा निकामी होतो. तो सगळा भाग भडक आणि लांबलेला आहे. चौकशी करणारे अधिकारी तर कागदातून कापून काढल्यासारखे सपाट आहेत. मात्र ‘दोष अमेरिकेच्या माथी’ हे म्हणणे खोटे आहे, कारण सरमदने जे केले त्याची जबाबदारी चित्रपट कुठेही अमेरिकेवर टाकत नाही. दोन्ही कथा शेजारी-शेजारी चालतात, एक दुसरीचे कारण होत नाही.

आता नसीरुद्दीन शाह यांच्याविषयी. नट भारतातून नेला, हे खरे. पण त्यामुळे विचारही आयात झाला असे ठरवायचे असेल, तर आपल्याकडच्या अनेक ऐतिहासिक मालिकांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहील. इस्लामाबादेतील, कट्टरपंथीयांनी ठाण मांडलेल्या लाल मशिदीवरची लष्करी कारवाई संपून जेमतेम दहा दिवस होत असताना, जुलै २००७ मध्ये, हा चित्रपट पाकिस्तानातील चित्रपटगृहांत लागला आणि चालला. नंतर एप्रिल २००८ मध्ये तो भारतातही प्रदर्शित झाला. ते भाषण ऐकायला तिकीट काढून बसलेला लाहोरचा प्रेक्षक कोणी भारतातून नेलेला नव्हता.

त्या भाषणाचा खरा दोष मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून पूर्णपणे निसटला आहे. मेरीच्या खटल्यात न्यायालयात मौलाना वली (हीच शाह यांची भूमिका) सांगतात की दावूद पैगंबरांना सुरांची देणगी ईश्वरानेच दिली, मुलीच्या संमतीवाचून निकाह होत नाही, आणि ‘दीन में दाढ़ी है, दाढ़ी में दीन नहीं’. युक्तिवाद उत्तम आहे. परंतु एका मौलानाचा पाडाव दुसऱ्या अधिक विद्वान मौलानाने करायचा, ही रचना मला अपुरी वाटते. जिच्यावर बळजबरी झाली ती मेरी न्यायालयात बसलेली असताना, तिच्या ‘नाही’ला वजन येण्यासाठी आधी धर्मग्रंथाचा दाखला सापडावा लागतो. उद्या दाखला सापडला नाही तर?

या प्रश्नाचे वेगळे उत्तर मराठी मुलखात या चित्रपटाच्या कितीतरी आधी दिले गेले होते, आणि इथेच ‘आपल्याकडे कोणी काही केले नाही’ हा शेवटचा दावा कोसळतो. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तो ग्रंथातले दाखले घेऊन नव्हे, तर नागरिक म्हणून समान हक्क मागत. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. १९८२ मध्ये जळगावात मुस्लिम स्त्रियांनी सिनेमाला जाऊ नये अशी बंदी आली, तेव्हा रझिया पटेल या तरुणीने त्या बंदीविरुद्ध उघड लढा दिला. सिनेमाविषयीच्या मजकुराला याहून चपखल उत्तर मला सुचत नाही. आपल्या सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्या चळवळीतील फकरुद्दीन बेन्नूर सर याच शहरात राहून आयुष्यभर लिहीत होते. त्यांची वाट दलवाईंच्या वाटेहून वेगळी होती, म्हणजे इथल्या मवाळांत मतभेद होण्याइतके विचार होते. सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक कुर्बान हुसेन यांचे नाव मी मुद्दाम पुढे करत नाही. १९३१ मध्ये फासावर गेलेल्या हुतात्म्याला दर वेळी साक्षीला उभे करून आजच्या प्रश्नातून सुटका करून घेणे मला प्रशस्त वाटत नाही.

शेवटाकडे सरमद जीन्स आणि बेसबॉलची टोपी घालून मशिदीत अजान देतो. गाणे सोडलेला गळा पुन्हा मोकळा होतो, हे दृश्य सुंदर आहे. सुटका झालेली मेरी मात्र, जिथे तिला डांबून ठेवले होते त्याच गावी, मुलींना शिकवायला परत जाते, आणि चित्रपटातले सर्वांत धाडसी असे हे कृत्य झटपट उरकले जाते. गटावरच्या मजकुरात तर मेरीचे नावही नाही. चाचींनी टीव्ही बंद केला आणि कपबशा उचलता उचलता म्हणाल्या, “इतका वेळ कोर्ट दाखवलं, तिची शाळा जरा जास्त दाखवायची होती.”