दहा नंबरचा शर्ट

ऑस्ट्रेलियाची रग्बी टीम, म्हणजे वॉलबीज, फ्रान्सकडून ४८-३३ हरली. त्याच्या आधी आयर्लंड ४६-१९, त्याच्या आधी इटली, त्याच्या आधी इंग्लंड. २०२५ च्या नोव्हेंबरभरात युरोपात चार टेस्ट (रग्बीत देशादेशांतल्या मॅचला टेस्टच म्हणतात), चारही घालवल्या. आमच्या ऑफिसात एक किवी, म्हणजे न्यूझीलंडचा माणूस, आहे. तो सोमवारी सकाळी काही म्हणजे काही बोलत नाही. कॉफी मशीनपाशी उभा राहतो आणि माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसतो. त्यापेक्षा चार शब्द ऐकवले असते तरी परवडलं असतं. मी या देशात २००९ मध्ये आले. या दोन देशांतला ब्लेडिस्लो कप न्यूझीलंडने २००३ मध्ये नेला तो नेलाच. म्हणजे माझ्या इथल्या अख्ख्या वास्तव्यात मला या माणसावर एकदाही तोंड टाकता आलेलं नाही.

मंडळाच्या ग्रुपवर याविषयी लिहून उपयोग नाही. तिथे क्रिकेट चालतं, हल्ली मुलांमुळे थोडी फुटीही (इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल) चालते. रग्बी म्हटलं की "अगं, ते अंड्याच्या आकाराचा बॉल घेऊन धडका देतात तेच ना?" हो, तेच. म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे, वेळ नसेल तर पुढे सरका.

गेले दोन आठवडे जो तो एकच सांगतोय. टीम बदला, म्हातारे काढा, नवी पोरं घ्या, कोच चुकला. मला हे वाचून २०१९ आठवतं. आपल्याकडे चार नंबरला कोण खेळणार याच्यावर दोन वर्षं काथ्याकूट चालला होता. रायुडूला खेळवलं, खेळवलं आणि वर्ल्ड कपला घरी ठेवला. विजय शंकर गेला, तोही दुखापतीने परत आला. मग मँचेस्टरला सेमीफायनलमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. वॉलबीजचा चार नंबर म्हणजे त्यांचा दहा नंबर. फरक एवढाच, की इथे हा घोळ दोन वर्षांचा नाही, चांगला पाच-सहा वर्षं चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. दहा नंबर म्हणजे फ्लाय-हाफ. घोळक्यातून बॉल निघाला की नऊ नंबरवाला तो याच्याकडे फेकतो. लाथेने लांब मारायचा, बाजूला पास द्यायचा की स्वतः घुसायचं, हे याने बॉल हातात यायच्या आतच ठरवलेलं असावं लागतं, कारण समोरून एकशेवीस किलोचा माणूस निघालेला असतो. टीमचा डोळा, मेंदू आणि पुष्कळदा पायही हाच. बाकीचे चौदा जण त्याचा आवाज ऐकून पळतात. तो आवाज दर महिन्याला बदलला, तर पळणारे अडखळणारच.

आता २०२५ चा हिशोब बघा. जुलैत फिजीविरुद्ध नोआ लोलेसियो होता, त्याच मॅचमध्ये त्याची मान दुखावली. मग लायन्सविरुद्ध (ब्रिटन आणि आयर्लंडची एकत्र टीम) तिन्ही टेस्टना टॉम लायना. त्याआधी हा पोरगा टेस्टमध्ये कधी सुरुवातीपासून खेळलाही नव्हता. सिडनीच्या तिसऱ्या टेस्टमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला. मग जेम्स ओ'कॉनर, वय ३५, ज्याने पहिली टेस्ट २००८ मध्ये अठराव्या वर्षी खेळली होती आणि जो यंदा चक्क न्यूझीलंडच्या क्रुसेडर्सकडे खेळत होता. मग टेन एडमेड. मग इटलीविरुद्ध कार्टर गॉर्डन, तोही दुखावला. मग पुन्हा ओ'कॉनर. सहा महिने पुरते झाले नाहीत, तोवर पाच जणांनी तो शर्ट घातला. अशाने फॉर्म कुठून येणार? फॉर्म म्हणजे काय नळाचं पाणी आहे का, तोटी फिरवली की आलं?

यातल्या एका माणसाबद्दल मला जरा थांबून लिहायचंय. कार्टर गॉर्डन. तो आमचा. म्हणजे मेलबर्न रेबेल्स क्लबचा. मागे ऑफिसातल्या कुणीतरी एक जास्तीचं तिकीट दिलं म्हणून मी पहिल्यांदा रेबेल्सची मॅच बघायला गेले आणि मग जातच राहिले. स्टेडियम अर्धं रिकामं असायचं. त्याचा फायदा असा, की पुढे जाऊन बसलं तर खेळाडूंचं ओरडणं ऐकू यायचं. गॉर्डन बॉल यायच्या आधी दोन्ही हातांची बोटं फाकवून, ताणून उभा राहायचा आणि डावीकडच्या माणसाला काहीतरी सांगत राहायचा. सतत. केस मानेवर रुळणारे, वय बावीस आणि बडबड अशी की लग्नघरातली आत्या. मला तो फार आवडायचा.

२०२३ च्या वर्ल्ड कपला तेव्हाचे कोच एडी जोन्स यांनी याच बावीस वर्षांच्या पोराला खरा म्हणावा असा एकुलता एक फ्लाय-हाफ म्हणून फ्रान्सला नेलं. जुना फ्लाय-हाफ क्वेड कूपर घरी, जुना कॅप्टन मायकेल हूपर घरी. कूपर तेव्हा ३५ चा होता, मान्य. पण याच कूपरने २०२१ मध्ये चार वर्षांनी टीममध्ये परत येऊन गोल्ड कोस्टला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भोंगा वाजल्यावर पेनल्टी मारून २८-२६ अशी मॅच काढली होती. त्याला खेळवू नका एक वेळ, पण पोराच्या शेजारी तरी बसवा! नवीन सून स्वयंपाकघरात उभी केली, तर पहिल्या पंगतीला कुणीतरी जुनं माणूस लागतं, मीठ कुठल्या डब्यात आहे एवढं सांगायला तरी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जॉर्जियाला हरवलं. मग सेंट-एटिएनला फिजीकडून २२-१५. फिजीने ऑस्ट्रेलियाला हरवण्याची ही १९५४ नंतरची पहिली वेळ. मॅच अजून बरीच शिल्लक असताना गॉर्डनला बाहेर बोलावलं. त्यानंतर वेल्सविरुद्ध त्याची जागा बेन डोनाल्डसनला दिली, आणि ती मॅच ४०-६ अशी हरलो. ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कपच्या पहिल्याच फेरीत गारद, हे याआधी कधी झालं नव्हतं. जोन्स ऑक्टोबरअखेर राजीनामा देऊन मोकळे झाले. पोराने काय करायचं? २०२४ च्या सीझननंतर आमचा रेबेल्स क्लबच बंद पडला. कर्ज, तोटा, कोर्टकचेऱ्या, ते सगळं लिहीत बसले तर माझी चिडचिड होते, सोडा. गॉर्डन रग्बी लीगमध्ये (तो तेरा जणांचा वेगळा खेळ, आपला पंधरांचा तो युनियन), गोल्ड कोस्ट टायटन्सकडे निघून गेला. तिथे दुखापतीमुळे फारसं खेळणं झालंच नाही आणि यंदा तो परत युनियनमध्ये आला. पुन्हा दहा नंबर, पुन्हा दुखापत.

डोनाल्डसनची गोष्टही काही वेगळी नाही. २०२२ मध्ये फ्लोरेन्सला तेव्हाचा कोच डेव्ह रेनीने बरीचशी टीम बदलून इटलीविरुद्ध उतरवली. डोनाल्डसनची ती पहिलीच टेस्ट. अगदी शेवटी आपली ट्राय झाली (बॉल त्यांच्या रेषेपलीकडे टेकवला), २८-२७, आणि ते कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची दोन पॉइंट्सची लाथ, गेलं असतं तर मॅच आपली. नाही गेलं. इटलीकडून ऑस्ट्रेलिया पहिल्यांदा हरली, आणि फोटो छापून आले ते या पदार्पणवीराचे. पुढच्या वर्षी वर्ल्ड कपात जॉर्जियाविरुद्ध त्याला फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागे, खेळवलं, त्याने २५ पॉइंट्स केले. दोनच मॅचेसनी त्याला उचलून दहा नंबरला ठेवलं. आपल्याकडे बदलीच्या नोकरीतल्या माणसाचं सामान तरी आधी उतरू देतात.

जुन्या लोकांना कुणी असं वागवलं नव्हतं. मायकेल लायना, म्हणजे आत्ताच्या टॉमचा बाप, १९८४ च्या दौऱ्यावर सेंटरला खेळला, कारण दहा नंबर मार्क एलाचा होता. एला त्या दौऱ्यानंतर पंचविशीतच निवृत्त झाला आणि शर्ट लायनाकडे आला, तो जवळपास १९९५ पर्यंत. १९९१ च्या वर्ल्ड कपला डब्लिनमध्ये क्वार्टर फायनल शेवटच्या मिनिटांत आयर्लंडच्या घशातून काढली ती त्यानेच, १९-१८. स्टीफन लार्कम तर मुळात फुलबॅक. कोच रॉड मॅक्वीनने १९९८ मध्ये त्याला दहा नंबरवर आणलं आणि तिथून हलवलं नाही. पुढच्याच वर्षी सेमीफायनलच्या जादा वेळेत त्याने जवळजवळ पन्नास मीटरवरून ड्रॉप गोल (बॉलला टप्पा देऊन खांबांमधून लाथ) मारला. टेस्टमधला त्याचा पहिलाच. ऑस्ट्रेलियाने वर्ल्ड कप जिंकले ते दोनच, १९९१ आणि १९९९.

कुणी म्हणेल, बाई, दुखापती काय कोच मुद्दाम करतो का? नाही करत. कोच जो श्मिटवर माझा राग नाहीच. बिचाऱ्याला ज्या दिवशी जो धड उभा होता तो घ्यावा लागला. परदेशी क्लब त्यांच्याकडे खेळणाऱ्यांना ठरलेल्या मुदतीबाहेर सोडत नाहीत, चार क्लबांवर देश चालवायचा, वर पंधरा टेस्ट. त्यातल्या पाच जिंकल्या, दहा हरल्या. तरी जिंकलेल्या पाचांतली एक दक्षिण आफ्रिकेतल्या एलिस पार्कची आहे हे विसरू नका. वीस मिनिटंही झाली नव्हती तेव्हा २२-० मागे, आणि तिथून लागोपाठ ३८ पॉइंट्स! १९६३ नंतर तिथे ऑस्ट्रेलिया जिंकली नव्हती. मी पहाटे उठून हॉलमध्ये आवाज बंद करून बघत होते. हॅरी विल्सनच्या दुसऱ्या ट्रायला मी एवढ्यांदा किंचाळले की नवरा घाबरून बाहेर आला. त्याला वाटलं भारतातून फोन आला.

त्या दिवशी दहा नंबरला कोण होतं? पस्तिशीचा ओ'कॉनर. फार काही चमत्कार केला नाही त्याने. शांत राहिला, बॉल वेळेवर सोडला. त्याच्या आत नऊ नंबरला निवृत्ती जाहीर केलेला निक व्हाइट. दोन म्हातारे शेजारी शेजारी, आणि बाकी पोरं सुटली होती. मला वाटतं मी जे सांगतेय त्याचा सगळ्यात मोठा पुरावा हाच.

एमसीजीवर लायन्सची दुसरी टेस्ट मी प्रत्यक्ष पाहिली. ९०,३०७ माणसं, थंडी अशी की थर्मासमधला चहा हातात धरूनच संपवला. विल स्केल्टन आणि रॉब वॅलेटिनी परत आले होते, त्यामुळे पुढची फळी एकदम भारदस्त वाटत होती. आपण २३-५ पुढे. माझ्या डावीकडचे आयरिश आजोबा गप्प झाले होते. मग मध्यांतराला २३-१७, मग स्केल्टन आणि वॅलेटिनी दोघेही मैदानाबाहेर गेले, आणि शेवटच्या मिनिटाला लायन्सचा ह्युगो कीनन कोपऱ्यात घुसला. २९-२६. त्या शेवटच्या दहा मिनिटांत बॉल लांब मारून श्वास घ्यायचा की हातात ठेवायचा, हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. टॉम लायना तेव्हा २२ वर्षांचा होता आणि त्याच्या आयुष्यातली सुरुवातीपासून खेळलेली ती दुसरी टेस्ट होती. त्याला कोण काय बोलणार? २०२२ मध्ये याच शहरात, दुसऱ्या स्टेडियममध्ये, बर्नार्ड फोलीने वेळ काढला म्हणून रेफरीने बॉल न्यूझीलंडला दिला आणि ३७-३४ ची मॅच ३७-३९ झाली, तेही मी पाहिलंय. दहा नंबर आणि मेलबर्न यांचं काहीतरी वाकडं आहे.

आता २०२७ चा वर्ल्ड कप इथेच, १ ऑक्टोबरपासून. ड्रॉ निघालाय. न्यूझीलंड, चिली, हाँगकाँग चायना आणि आपण एका गटात. (किवी त्या दिवशी मात्र बोलला. "सी यू देअर," एवढंच.) २०२६ च्या मध्यात श्मिट जाणार आणि लेस किस येणार. किस २०२५ मध्ये क्वीन्सलँड रेड्सचा कोच. गंमत बघा, टॉम लायना रेड्सकडे आणि गॉर्डनही आता रेड्सकडेच. देशात क्लब उरलेत चार आणि दोन मुख्य उमेदवार एकाच क्लबात, म्हणजे दर शनिवारी एक जण बेंचवर बसून केळं खाणार. हे कुणालाच खटकलं नाही का? एकाला वेस्टर्न फोर्सकडे नाहीतर वाराटाजकडे पाठवा, रोज खेळू दे. रग्बी लीगमधून आणलेल्या जोसेफ सुआलीसाठी लाखो डॉलर मोजता येतात, तर एका पोराचं बिऱ्हाड हलवणं काय अवघड आहे?

मला विचाराल तर गॉर्डन. धडधाकट असेल तर तोच, आणि तो तीन मॅचेस हरला तरी तोच. लायना त्याच्या मागे. हे मी भावनेच्या भरात लिहितेय असं वाटेल, आणि थोडंफार आहेच तसं, कारण रेबेल्सची टोपी अजून माझ्या गाडीत मागच्या काचेपाशी पडून आहे, उन्हाने पांढरी झालेली. पण गॉर्डनने वाईटातलं वाईट पाहून झालंय. फ्रान्समध्ये झालं ते, क्लब बुडाला ते, लीगमध्ये फसलं ते. त्याला आणखी काय घाबरवणार?

किवीशी पैज लावलीय. फेब्रुवारीत रेड्सच्या पहिल्या मॅचला दहा नंबर गॉर्डनच्या पाठीवर नसेल, तर मी त्याला साबुदाण्याची खिचडी करून नेणार. असेल, तर त्याने त्याच्या आईच्या हातचा पावलोवा आणायचा. तो म्हणाला, खिचडीत दाणे जास्त घाल. आत्तापासूनच.